पक्षी वाचवायचा, तर आधी त्याचं ताट वाचवा



दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपण पक्षी सप्ताह म्हणून साजरा करतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सालिम अली यांचा. माझ्याही शाळेत या दिवसांत फेरी निघते, घोषणा होतात, भिंतीवर चित्रं लागतात आणि शेवटच्या दिवशी निबंध असतो. विषय ठरलेला: 'पक्षी वाचवा' नाहीतर 'माझा आवडता पक्षी'.

गेल्या वर्षी चौथीच्या बावीस वह्या तपासायला घेतल्या. त्यातल्या एकोणीस वह्यांत एकच वाक्य होतं: "आपण पक्ष्यांना मारू नये, झाडे लावावीत व पाण्याचे भांडे ठेवावे." आधी मला मुलांचा राग आला. मग लक्षात आलं की हे वाक्य फळ्यावर मीच लिहून दिलं होतं.

वाक्य चुकीचं नाही. पण ते अपुरं आहे. कोणीही न मारता पक्षी मरतो, हजारोंनी मरतो, आणि तो का मरतो हे या वाक्यातून मुलाला कधीच कळणार नाही. म्हणून मी वर्गात एका बदकाची खरी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

ही गोष्ट आपल्याकडची नाही, युरोपातल्या नेदरलँड्स देशाच्या किनाऱ्यावरची आहे. मुद्दाम लांबची निवडली. कारण तिथे काय घडलं, का घडलं आणि पुढे काय केलं, याच्या नोंदी आहेत. मुलांना अर्धवट गोष्ट सांगण्यापेक्षा पूर्ण सांगितलेली बरी.

आयडर नावाचं बदक

बदक म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर तळं येतं. आयडर मात्र समुद्रावर राहणारं बदक आहे. वजन साधारण दोन किलो. नर काळा-पांढरा, मादी तपकिरी. फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क अशा बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांत, किनाऱ्यावर आणि बेटांवर ही बदकं उन्हाळ्यात घरटी करतात. मादी स्वतःची मऊ पिसं काढून घरट्यात अंथरते. आइसलंडमध्ये तर शेतकरी घरट्यांतली ही पिसं गोळा करून विकतात आणि त्यासाठी या रानटी पक्ष्याची राखणही करतात.

हिवाळ्यात बाल्टिककडची बरीच आयडर वाडेन समुद्रात उतरतात. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या किनाऱ्याला लागून असलेला हा उथळ समुद्र. ओहोटी लागली की इथे मैलोन्‌मैल चिखल आणि वाळू उघडी पडते. त्यात शिंपल्यांची अफाट वस्ती. २००९ साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हटलं.

आता हे बदक जेवतं कसं ते बघा. ते बुडी मारतं, तळावरचा शिंपला चोचीत धरतं आणि कवचासकट गिळतं. दात नाहीत, फोडायला दगड नाही. पोटात स्नायूंची जाड पेषणी असते, ती कवच दळून काढते. मुलांना मी 'पोटातलं जातं' असं सांगितलं, लगेच कळलं.

त्याचा आवडता शिंपला म्हणजे मसल, आपल्या मालवणकडच्या शिणाण्यांच्या कुळातला. पण शिंपल्यात असतं काय? बरंचसं कवच आणि खारं पाणी, मांस थोडंसं. शिवाय तो बर्फासारखा गार असतो. पोटात गेला की आधी तो शरीराइतका गरम करायचा, मग कवच दळायचं, मग जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या खास ग्रंथींमधून बाहेर टाकायचं. एवढा खटाटोप करून हाती येतं थोडंच. म्हणून हिवाळ्यात आयडरला दिवसाला जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके शिंपले लागतात.

हे सांगताना मी टेबलावर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवली. म्हटलं, "हे बदकाचं वजन. आणि एवढंच त्याचं रोजचं जेवण." वर्ग गप्प झाला. मग एकाने विचारलं, "बाई, रोज?" हो, रोज. सुट्टी नाही, रविवार नाही.

त्यातही कुठलाही शिंपला चालत नाही. फार मोठा असला तर कवच जाड, दळायला जड. फार बारका असला तर बुडी मारण्याचे कष्टही वसूल होत नाहीत. बाजारात आजी कशी भेंडी मोडून बघून घेते, तशीच या बदकाचीही निवड असते.

आणखी एक गोष्ट. मादी अंडी उबवायला बसली की साधारण २५ दिवस जवळपास काही खात नाही. अंगावर साठवलेल्या चरबीवर ते दिवस निघतात. म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेला पोट भरलं नाही, तर उन्हाळ्यात उत्तरेला पिल्लं कमी होतात. एका देशातलं जेवण आणि दुसऱ्या देशातलं घरटं, अशी ही गाठ आहे.

१९९९-२००० चा हिवाळा

त्या हिवाळ्यात डच वाडेन समुद्रात सुमारे २१,००० आयडर मेली.

कोणी बंदूक चालवली नव्हती. तेलाचं जहाज फुटलं नव्हतं. मेलेली बदकं हाडकुळी झाली होती. अंगावरची चरबी संपलेली, छातीचे स्नायूही झिजलेले. काहींच्या आतड्यांत जंत सापडले, म्हणून रोगाचीही चर्चा झाली. पण अभ्यासकांनी सगळं तपासून निष्कर्ष काढला तो उपासमारीचा. शिंपले मिळेनात म्हणून बदकं खेकड्यांकडे वळली होती आणि खेकड्यांतून जंत पोटात गेले होते. मूळ दुखणं भूक.

आणि हे सगळं संरक्षित क्षेत्रात घडलं. तिथे या पक्ष्याला मारायला बंदी होती. म्हणजे आपल्या निबंधातलं 'पक्ष्यांना मारू नये' हे वाक्य तिथे शंभर टक्के पाळलं जात होतं.

इथे माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग त्यांचं खाणं कोणी नेलं?"

मला वाटतं, आपल्या सगळ्या 'पक्षी वाचवा' फेऱ्यांमध्ये हा प्रश्न राहून जातो.

खाणं कोणी नेलं?

१९९० च्या सुमारास डच वाडेन समुद्रातल्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या भागावरचे मसलचे थर जवळजवळ संपले. कारणं दोन. काही वर्षं शिंपल्यांची नवी पिढी नीट रुजलीच नाही. तिथे थंडी कमी पडली की खेकडे आणि कोळंबीची पिल्लं लवकर किनाऱ्यावर येतात आणि बारके शिंपले फस्त करतात. ही निसर्गाची बाजू. दुसरी बाजू माणसाची: नवी पिढी नसतानाही जुने शिंपले काढणं चालूच राहिलं.

तिथे कॉकल नावाचा दुसरा एक गोलसर शिंपला असतो. तो काढायला यंत्राच्या बोटी होत्या. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वाळूचा वरचा थर मोकळा करायचा आणि शिंपले शोषून घ्यायचे. बदकं मग बाहेरच्या उत्तर समुद्राच्या उथळ पट्ट्यातल्या तिसऱ्या जातीच्या शिंपल्यांकडे वळली, तर तिथेही बोटी होत्याच.

सरकार झोपलं होतं असंही नाही. १९९३ साली नियम झाला. काही भाग मासेमारीला बंद केला. शिवाय ज्या वर्षी शिंपले कमी असतील, त्या वर्षी पक्ष्यांच्या गरजेच्या ६० टक्के अन्न राखून ठेवायचं असं ठरलं. उरलेलं पक्षी दुसरीकडून मिळवतील, असं गृहीत धरलं.

आता आपण शिक्षक आहोत, पोषण आहाराचा हिशोब आपल्याला कोणी शिकवायला नको. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. पटावर ४० मुलं, म्हणजे रोज ४ किलो. समजा कोणी सांगितलं, "तुम्ही २ किलो ४०० ग्रॅमच शिजवा, बाकीचं मुलं घरून आणतील." कागदावर हिशोब जुळतो. पण डबा न आणणारी मुलं कोणती, ते आपल्याला नावानिशी माहीत असतं.

बरं, पूर्ण ४ किलो कोठीत ठेवले, तरी पोट भरेल का? कोठीला अर्धा दिवस कुलूप असेल तर? तांदळात निम्मे खडे असतील तर? ताकदीची मुलं रांगेत पुढे घुसत असतील तर? पक्ष्यांचं अगदी असंच होतं. अन्न समुद्रात आहे, पण ते भरतीच्या पाण्याखाली असतं, खोल असतं, नको त्या आकाराचं असतं, किंवा त्यावर आधीच दुसरा पक्षी बसलेला असतो.

शिंपले खाणाऱ्या किनारी पक्ष्यांचा असा हिशोब शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडला. ऑयस्टरकॅचर हा त्यातला मुख्य पक्षी. त्यांना दिसलं की पक्षी जेवढं खातात तेवढंच अन्न शिल्लक ठेवून भागत नाही. काही ठिकाणी त्याच्या जवळपास आठ पट शिल्लक लागतं, तेव्हा कुठे हिवाळा नीट पार पडतो. पोटात जाणारं अन्न आणि ते पोटात जावं म्हणून आजूबाजूला असावं लागणारं अन्न, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंना कळतं, पण आपल्या पाठ्यपुस्तकातल्या अन्नसाखळीत येत नाही.

मग दोषी कोण?

मुलांना गोष्टीत दुष्ट माणूस लागतो. मी सांगितलं, इथे तसा कोणी नाही. बोटवाल्यांकडे परवाने होते, घरं होती, कर्जं होती. सरकारकडे हिशोब होता. चूक एवढीच, की शंका आली तर तिचा फायदा यंत्राला मिळत होता, बदकाला नाही.

हे बदललं न्यायालयात. निसर्ग राखणाऱ्या डच संस्थांनी कॉकल काढण्याच्या परवान्यांविरुद्ध दाद मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. ७ सप्टेंबर २००४ रोजी निकाल आला. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा: संरक्षित जागेला अपाय होणार नाही याबद्दल शास्त्रीयदृष्ट्या वाजवी शंका उरली नसेल, तरच परवानगी द्यायची. म्हणजे शंकेचा फायदा आता जागेला.

२००५ पासून डच वाडेन समुद्रात यंत्राने कॉकल काढणं थांबलं. बोटवाल्यांना भरपाई दिली गेली. हाताने, दाताळ्याने कॉकल काढणाऱ्यांना मात्र मर्यादेत परवानगी राहिली. २००८ साली मसलवाले, निसर्गसंस्था आणि सरकार यांच्यात करार झाला. तळ खरवडून मसलचं बी काढण्याऐवजी पाण्यात दोर आणि जाळ्या टांगून त्यावर बी धरायचं, आणि हा बदल टप्प्याटप्प्याने करायचा असं ठरलं.

"आणि मग सगळी बदकं सुखाने राहू लागली," असा शेवट मी केला नाही. आयडर आज जगाच्या 'धोक्याच्या जवळ' असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. बाल्टिककडे पिल्लं कमी होतात, तिथे समुद्री गरुड माद्यांवर झडप घालतात, आणि शिंपल्यांचे थर एकदा मोडले की परत बसायला फार वर्षं लागतात. हेही मुलांना सांगायला हवं. तोडायला एक हंगाम पुरतो, जोडायला तसं होत नाही.

माझं म्हणणं

आपण अन्नसाखळी शिकवतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. मुलं बाण काढतात, पाच पैकी पाच गुण. पण त्या बाणावर किती आणि कधी हे कुठेच लिहिलेलं नसतं. दोन किलोच्या बदकाला रोज दोन किलो शिंपले लागतात, हे कळलं की बाण जिवंत होतो. जानेवारीतच लागतात हे कळलं की संरक्षणाचा अर्थ कळतो.

म्हणून पक्षी शिकवताना 'तो कसा दिसतो' याच्या आधी 'तो काय खातो, कुठे, कोणत्या महिन्यात' हे विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. पक्ष्याला मारायला बंदी करणं हे संरक्षणाचं पहिलं पाऊल. त्याचं ताट राखणं हे खरं काम, आणि तेच अवघड, कारण त्या ताटात बऱ्याचदा आपलाही हात असतो.

एका सहकाऱ्यांनी मला विचारलं, "मॅडम, आपल्या पोरांना परदेशी बदक कशाला?" प्रश्न रास्त आहे. आयडर आपल्या कोणत्याही तळ्यावर उतरणार नाही. पण ऑयस्टरकॅचर हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर येतो. काळा-पांढरा, लांब नारिंगी-लाल चोचीचा. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर आणि वाळूत तो शिंपले शोधतो. माझ्या शाळेतल्या मुलांच्या आया त्याच वेळी तिथेच तिसऱ्या आणि कालवं काढतात.

खरं सांगू, इथे मी जरा बिचकले होते. गोष्ट ऐकून मुलांना आपल्याच आईचं काम चुकीचं वाटलं तर? दुसऱ्या दिवशी ती प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "बाई, माझी आई बारक्या तिसऱ्या परत टाकते. म्हणते, त्यांना वाढू देत." नेदरलँड्सला जे नियमात आणायला इतकी वर्षं लागली, त्यातलं थोडं या घरात आधीपासून होतं. मी तिला ते वर्गासमोर सांगायला लावलं. हाताने निवडून काढणं आणि यंत्राने तळ शोषून घेणं यातला फरक मग मला वेगळा शिकवावा लागला नाही.

तुमची शाळा समुद्राजवळ नसेल तरी चालेल. जायकवाडी, नांदूरमध्यमेश्वर, नाहीतर गावचा पाझर तलाव घ्या. काहीच नसेल तर चिमणी घ्या. आपण तिच्यासाठी दाणे ठेवतो, पाणी ठेवतो. पण चिमणी आपल्या लहान पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्या भरवते. अंगणात फवारणी करून, सगळीकडे फरशी घालून, वर दाण्यांची वाटी ठेवली, तर पिल्लांच्या ताटात काय उरलं? 'पाण्याचे भांडे ठेवावे' लिहून घेताना मी हे कधी सांगितलंच नव्हतं.

वर्गात करून बघा

एक: प्रत्येक मुलाने एक पक्षी निवडून हे वाक्य पूर्ण करायचं. 'माझ्या पक्ष्याला ___ महिन्यात ___ लागतं, ते ___ इथे मिळतं, आणि तिथे ___ लोकही येतात.' उत्तर पुस्तकातून नाही, घरी आणि शेतावर विचारून आणायचं.

दोन: गणिताच्या तासाला एक उदाहरण. एक लाख आयडर, प्रत्येकी रोज २ किलो शिंपले, हिवाळ्याचे १०० दिवस. एकूण किती? उत्तर दोन कोटी किलो, म्हणजे २०,००० टन. मग विचारायचं, "एवढंच शिल्लक ठेवलं तर पुरेल का?" इथून खरी चर्चा सुरू होते.

तीन: पालकांसाठी. मुलाने वर्गातून प्रश्न आणला की "आम्हाला काय माहीत, बाईंना विचार" असं म्हणू नका. कोणता पक्षी कधी येतो, कशावर बसतो, पूर्वी किती यायचे, हे तुम्हाला आणि आजी-आजोबांना जेवढं माहीत आहे, तेवढं मला माहीत नाही. ते मुलाला सांगा.

येत्या पक्षी सप्ताहात मी फळ्यावर तयार वाक्य लिहून देणार नाही. तो वरचा प्रश्न लिहिणार आहे, त्या मुलीने विचारलेला. बावीस वह्यांत बावीस वेगळी उत्तरं आली तर तपासायला वेळ जास्त लागेल, शुद्धलेखनाच्या चुकाही जास्त निघतील. लागू दे, निघू देत.

तुमच्या गावात कोणत्या पक्ष्याचं ताट कमी होत चाललंय, ते मला जरूर सांगा.